आबांचे नऊ दगड

पिंप्राळ्यात ज्या कुणाला पोहता येतं त्याला ते अभिमन आबांनी शिकवलेलं असणार, हे गावात धरूनच चालायचं. जळगाव स्टेशनापासून कोसभरावर हे गाव. मध्ये कपाशीची शेतं आणि बाभळी. गावाच्या खालच्या अंगाला पाटलांची आमराई होती आणि आमराईत दगडी पायऱ्यांची जुनी विहीर. चैत्र लागला की सकाळी उन्हं झाडांच्या शेंड्यावर यायच्या आत आबा त्या विहिरीच्या काठावर उभे राहायचे. खांद्यावर सोल म्हणजे जाड दोर, हातात सुकवलेले दोन भोपळे. समोर सात-आठ वर्षांची दहा-बारा पोरं उघडीबंब कुडकुडत उभी. अशी सव्वीस वर्षं गेली होती.

आबांची रीत सरळ होती. पहिले दोन दिवस पोराच्या पाठीला भोपळा, कमरेला सोल. तिसऱ्या दिवशी भोपळा काढायचा, पोराला बखोटीला धरायचं आणि काठावरून विहिरीत फेकायचं. नाकातोंडात पाणी जायचं, पोर गटांगळ्या खायचं, हातपाय झाडायचं. आबा मागोमाग सूर मारून खाली असायचेच. ते म्हणत, पाणी पोटात गेल्याशिवाय पोहणं अंगात येत नाही. आणि येतही होतं. महिनाभरात तेच पोर काठावरून मुटके मारायचं. मग आई-बाप नारळ घेऊन आबांच्या घरी येत, आबांच्या डोक्याला फेटा बांधत. लग्नाच्या पंगतीत पाटलानंतरचा विडा आबांना मिळे. आबांना तीन बिघे कोरडवाहू जमीन होती, पण गावात जो मान होता तो त्या विहिरीचा.

जी पोरं शिकली नाहीत त्यांच्यासाठी आबांकडे एकच शब्द होता, दगड. तिसऱ्या दिवशी फेकल्यावर जो हातपाय हलवायचं सोडून ताठ होऊन तळाला जाई, त्याला वर काढून ते सगळ्यांदेखत सांगत, "हाऊ दगड शे. याले घर लई जा." सव्वीस वर्षांत असे आठ दगड निघाले होते. त्यातला हिलाल आता तिशीचा होता, तीन लेकरांचा बाप होता, तरी वरातीत त्याचे सोबती त्याला दगड म्हणूनच हाक मारीत. आबांना त्याचं कधी काही वाटलं नाही. शेतात चार दाणे फुकट जातातच.

सन चौतीसच्या चैत्रात नववा दगड निघाला, आणि तो निघाला जीवराम पाटलाच्या घरात.

जीवरामला आबांनीच पोहायला शिकवलं होतं. त्याचा मुलगा पुना नऊ वर्षांचा, आईसारखा बारीक, मोठ्या डोळ्यांचा. तिसऱ्या दिवशी आबांनी त्याला फेकलं तेव्हा तो ओरडलासुद्धा नाही. सरळ खाली गेला. आबांनी वर आणलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि दातखीळ बसली होती. पोटातलं पाणी काढलं, उलटी झाली, पोर रडायला लागलं. मग आबांनी नेहमीचा शब्द उच्चारला. जीवराम मान खाली घालून मुलाला घेऊन गेला. त्या रात्री पुनाला ताप भरला, आणि ताप उतरल्यावरही तो डोक्यावरून तांब्याभर पाणी घेऊ देईना. त्याची आई सुगंधाबाई ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसून काढायची.

आबा हे सगळं विसरूनही गेले. विहिरीवर अजून अकरा पोरं होती.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. सासरवाशिणी माहेरी आल्या, आबांची लेक मंजुळा पारोळ्याहून आली, लिंबाला झोका बांधला गेला. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओसरीवर बसले होते तेव्हा जीवराम पाटील दारात आला. हातात ताट, ताटात नारळ, गुळाची ढेप आणि वर घडी केलेलं हिरवं लुगडं. आबा उठले. गेल्या वर्षी शिकलेल्या एखाद्या पुतण्याचा नारळ उशिरानं आला असेल असं त्यांना वाटलं. लुगड्याचं नवल वाटलं खरं, पण फेट्याऐवजी घरधनिणीला लुगडं द्यायची कुणाची रीत असेल. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

जीवरामनं ताट जरा मागे घेतलं. तो संकोचला होता.

"आबा, हाई भिकूअक्काले शे," तो म्हणाला. "आमना पुनाले पोहता येवाले लागनं."

आबांचे हात तसेच हवेत राहिले.

"कोनी शिकाडं?"

"अक्कानीच. गिरनावर."

आबांची बायको भिकुबाई आतून आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, ताट घेतलं, लुगड्याला हात लावून नमस्कार केला आणि जीवरामला म्हणाली की पोराला अजून पंधरा दिवस तरी खोल पाण्यात नेऊ नका. इतकं बोलून ती आत गेली. तिच्या बोलण्यात ना गर्व होता ना संकोच. पावसापाण्याचं बोलावं तसं ती बोलली. आबांना तेच जास्त झोंबलं.

दुपारी आबा जेवायला बसले. मंजुळा वाढत होती. तिला त्यांनी हळूच विचारलं की हे कधीपासून चाललंय. मंजुळेनं सांगितलं ते असं. सुगंधाबाई एके दिवशी रडत आली होती. पोर पाण्याचा हंडा पाहिला तरी कोपऱ्यात जातं म्हणाली. दुसऱ्या दिवशी भिकुबाई गोधड्या धुवायला गिरणेवर निघाली तेव्हा पुनाला बरोबर नेलं. आठ दिवस तो नुसता वाळूत बसला. मग पाय बुडवले. मग पिंजारी अय्युबच्या बायकोनं, जैनबनं, तिचा कय्युम पाठवला. तोही आबांचाच दगड, गेल्या सालचा. आता पाच-सहा पोरं जातात.

"आन तुले कसं मालूम?" आबांनी विचारलं.

मंजुळा हसली. "माले बी मायनीच शिकाडं व्हतं," ती म्हणाली. "मी धाकली व्हतू तधय."

आबांनी ताट सारलं. स्वतःच्या बावीस वर्षांच्या लेकीला पोहता येतं हे गावच्या पोहणाऱ्याला माहीत नव्हतं.

मग त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. भिकुबाई तापीकाठच्या गावची, तिचा बाप होडीवर होता. लग्न होऊन आली त्याच साली आखाजीला तिनं विचारलं होतं की बायका झोके खेळतात त्या दुपारी मी आमराईतल्या विहिरीत उतरू का, फार दिवस झाले पाण्यात जाऊन. आबा तेव्हा विशीचे होते, नुकतेच विहिरीवर नाव काढायला लागले होते. ते हसून म्हणाले होते की पोहणाऱ्याच्या बायकोनं पोहायचं नसतं, मग लोक कुणाकडे बघतील? तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तीस वर्षं झाली असतील. आबांना वाटलं होतं, ती विसरली.

चार दिवसांनी ते गिरणेवर गेले. सांगून नव्हे. भिकुबाई गाठोडं घेऊन निघाल्यावर बराच वेळ जाऊ दिला, मग शेताच्या बांधाबांधानं गेले आणि निमखेडीच्या खाली जिथं नदी कातळाला वळसा घालते तिथं करंजाच्या झुडपाआड बसले. उन्हाळ्यात गिरणा ओढ्याएवढी होते, पण त्या कातळाशी एक डोह बारा महिने राहतो. डोहाच्या अलीकडे वाळूचा उथळ पट्टा. तिथं भिकुबाई कासोटा घालून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि पुना पाण्यावर उताणा पडला होता. तिचा एक तळवा त्याच्या डोक्याखाली होता, बस्स. ना सोल, ना भोपळा.

"कान पानीमा जाऊ दे," ती म्हणत होती. "पानी काय सांगस ते ऐक. मी शे आठे."

पोरानं कान बुडवले. डोळे मिटले. थोड्या वेळानं तिनं तळवा काढून घेतला, आणि पोर तसंच पडून राहिलं, पाण्यानं वाहून आणलेल्या पानासारखं. ती एक पाऊल मागे सरली. आणखी एक. काठावर कय्युम आणि दोन पोरं आपली पाळी यायची वाट बघत वाळूत खळगे करीत होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. सव्वीस वर्षांत आबांनी न रडणारी शिकवणी पाहिली नव्हती.

तिचा तो आवाज त्यांच्या काळजात रुतला. तीस वर्षांच्या संसारात या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. कदाचित त्यांनी तसं बोलायला जागाच ठेवली नव्हती, पण हे त्यांच्या मनात त्या वेळी आलं नाही. त्या वेळी एवढंच आलं, की आपल्या घरात हा आवाज होता आणि तो परक्या पोरांना मिळाला.

पोरं घराकडे पळाली. धुणं वाळत होतं. भिकुबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि डोहात शिरली. डोहाच्या मधल्या खडकावर एक बगळा उभा होता. ती त्याच्याजवळून पलीकडे गेली, वळली, पुन्हा आली. हात पाण्याबाहेर येत नव्हते, पाय वाजत नव्हते, नुसतं तिचं डोकं संथ सरकत होतं. बगळा हलला नाही. मग ती बुडी मारून गेली ती डोहाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. आबांनी श्वास रोखून मोजलं होतं. एवढी लांब बुडी त्यांनी ऐन भरातही मारली नव्हती.

दुसऱ्याला पाण्यात पाहणं म्हणतात, ते अभिमन आबांनी त्या दिवशी खरोखरच केलं. घरी परतताना त्यांच्या पोटात जणू निखारा पडला होता. सोबत्याचा हेवा वाटला असता तर त्याच्याशी बोलणं टाकता आलं असतं. हिच्या हातची भाकरी खायची होती.

त्यांनी तिला काही विचारलं नाही. त्यांनी वेगळीच वाट धरली. पारावर बसल्यावर बोलता बोलता ते म्हणायचे, गिरणेच्या गुडघाभर पाण्यात म्हैससुद्धा पोहते. कधी म्हणायचे, वाळूतलं पोहणं आणि चुलीपुढची कुस्ती सारखीच. लोक हसायचे. शेवटी एक दिवस जीवराम पाटलाला त्यांनी चारचौघांत म्हटलं की पोराला खरंच येत असेल तर येत्या मंगळवारी विहिरीवर आण. काठावरून उडी टाकू दे. टाकली तर मी माझ्या हातानं तुझ्या घरी नारळ आणतो. जीवरामला नाही म्हणता आलं नाही. पाटलाच्या पोराला चिकटलेलं दगड हे नाव त्यालाही पुसायचं होतं.

भिकुबाईच्या कानावर हे गेलं. ती जीवरामच्या घरी जाऊन सांगून आली की पोर अजून तयार नाही, पायऱ्यांनी उतरू द्या, उडी नको.

मंगळवारी आमराईत पन्नासेक माणसं जमली. पुना आला तो हसतच आला. पायऱ्या उतरून तो पाण्याच्या कडेला बसला, पाय सोडले, मग हळूच आत शिरला आणि विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बेडकासारखा पोहून गेला. वर लोकांत कुजबुज झाली. जीवरामचा चेहरा उजळला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण आबा म्हणाले की पायरीनं उतरणं ही बायकी रीत, वरून यायला हवं.

पुना वर आला. काठाच्या दगडावर उभा राहिला. पाणी दोन-अडीच पुरुष खाली होतं. त्यानं खाली पाहिलं, ओठ हलवून काहीतरी पुटपुटला, आणि त्याचे गुडघे वाकले. आबांनी शेकडो पोरं काठावर पाहिली होती. वाकलेले गुडघे उडी मारणार की मागे फिरणार हे त्यांना पाठीकडूनही कळायचं. हे पोर उडी मारणार होतं.

आबा एकदम दोन पावलं पुढे झाले, टाळी वाजवली आणि त्या जुन्या, विहीर घुमवणाऱ्या आवाजात ओरडले, "चाल रे, दगडा!" आणि त्याच्या बखोटीकडे हात नेला.

पुना ताठ झाला. त्याचा चेहरा चैत्रातल्या त्या सकाळी होता तसा झाला. पायांवरून लघवीची धार वाहून काठाचा दगड ओला झाला. पोरं हसली. मग पुना वळला आणि आमराईतून गावाकडे पळत सुटला.

आबांना त्या घटकेला काय वाटलं ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. रणरणत्या उन्हात गूळ घातलेलं गार पाणी प्यावं तसं वाटलं होतं. जीवराम जवळ आला आणि म्हणाला की आबा, तुम्ही म्हणालात तेच खरं. आबांनी मान हलवली.

घरी आले तेव्हा भिकुबाई चुलीपुढे होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"राग मन्हा व्हता ना?" ती म्हणाली. "मंग माले बोलनं व्हतं. पोऱ्याले काब्र भेव दाखाडं?"

आबा म्हणाले की त्यांनी काही दाखवलं नाही, पोरच कच्चं होतं. तिनं वाद घातला नाही. भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून ती गिरणेवर गेली नाही. धुणं परसातच बादलीत धुऊ लागली. जैनब कय्युमला घेऊन आली तेव्हा तिला म्हणाली की आता नाही, माझ्यापायी पोरांचं हसं होतं. हिरवं लुगडं तिनं ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलं. घरात भांडण नव्हतं. ती वेळेवर वाढायची, विचारलं तेवढंच बोलायची. आबांना जे हवं होतं ते सगळं झालं होतं, तरी पोटातला निखारा विझेना. उलट त्यांना एक नवीनच खोड लागली. विहिरीवर पोरं पाण्यात असताना ते मनात म्हणायचे, ही असती तर हिनं याला कसं धरलं असतं?

एका दुपारी ते एकटेच गिरणेवर गेले. डोहावर कुणी नव्हतं. खडकावर बगळा होता. आबांनी धोतर सोडून लंगोटावर पाण्यात पाऊल टाकलं आणि तिच्यासारखं, हात बाहेर न काढता, आवाज न करता पलीकडे जायचं ठरवलं. पाच हात गेले नसतील तोच बगळा उडाला. ते काठावर परत आले, वाट पाहिली, बगळा परत येऊन बसला, ते पुन्हा उतरले. पुन्हा उडाला. तीन वेळा असं झालं. पन्नाशीचा माणूस भर उन्हात एका पाखरासाठी झगडत होता. चौथ्या वेळी बगळा आलाच नाही.

तिथून परतताना गावाच्या वेशीशी अरुंद बोळात समोरून पुना आला. हातात गुळाची पुडी होती. आबांना पाहताच पोर भिंतीला चिकटलं, श्वास कोंडून, पाठ मातीत रुतवून, पिसाळलेलं कुत्रं जवळून जाताना माणूस उभा राहतो तसं. आबांनी खरंच मागे वळून पाहिलं, कुत्रं आहे की काय. मागे कुणी नव्हतं.

ते तसेच जीवराम पाटलाच्या ओसरीवर गेले. तिथं जीवराम होता, त्याचा चुलता होता, हिलाल बैलाच्या सौद्यासाठी आला होता. आबा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "जीवराम, तुना पोऱ्या पानीले नही भ्याना. माले भ्याना. तो उडी टाकाव व्हता. मी दखं, आन मंग मी वरडनू."

हिलाल खाली पाहत पायाच्या नखानं जमीन टोकरीत राहिला. आबांना वाटलं, आता जीवराम दोन शब्द सुनावेल, आणि सुनावले तर बरं. पण जीवरामनं आवाज चढवला नाही.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही माले बी तसंच फेकं व्हतं. माले पोहता येस. पन आजून हिरीमा वाकीसन दखाले मन करत नही."

आबांना हे शब्द फार लागले. नऊ दगडांचा हिशेब त्यांच्याकडे होता. जे तरले त्यांच्यातही असं काही असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी भिकुबाईला सगळं सांगितलं, जीवरामकडे बोललेलंही आणि विहिरीवर केलेलंही, गुळाच्या पाण्याचं तेवढं सोडून. ती निवडत होती त्या डाळीतून तिनं डोकं वर काढलं नाही. मग ते म्हणाले की उद्यापासून तू आमराईत ये, विहिरीवर तू शिकव, मी बाजूला राहतो. हे म्हणताना त्यांना वाटलं आपण फार मोठं काही देतोय.

"मी हिरीवर येत नही," ती म्हणाली. "तुम्हले दखनं व्हई ते गिरनावर या. आन वरडू नका."

ते गेले. पहिले काही दिवस नुसते काठावर धुण्याशेजारी बसले. पुना यायलाच तयार नव्हता; सुगंधाबाई त्याला घेऊन आली आणि आबा दिसताच तो तिच्या पाठीमागे गेला. भिकुबाईनं आबांना खुणेनं लांब, करंजाकडे, जायला सांगितलं. आबा उठून गेले. लपून बसले होते त्याच जागी आता सांगण्यावरून बसावं लागलं. असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी ती म्हणाली, दहा पावलं जवळ या. मग आणखी दहा. नदीला नवं पाणी यायच्या आठवडाभर आधी पुना डोहाच्या खडकावरून आपणहून पाण्यात उतरला तेव्हा आबा त्याच्यापासून चार हातांवर गळ्याएवढ्या पाण्यात होते. पोरानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी मान थोडी बाजूला वळवली, आपली नजर त्याच्यावर नको म्हणून. पुना त्यांच्या जवळून पोहत पलीकडे गेला. भिकुबाई तिकडच्या काठाला उभी होती. पोर तिच्या कमरेला बिलगलं, आणि आबांचा आतला निखारा पुन्हा फुलला.

तो निखारा पुढे कधी पुरता विझला नाही. न ठरवताच एक रीत पडली. भिणारी पोरं आधी गिरणेवर जात, पाण्याची ओळख झाली की आबांच्या विहिरीवर येत. तिथं आबा त्यांना सूर मारायला शिकवत, तळातला खडा काढून आणायला शिकवत. फेकणं त्यांनी सोडलं. सोडायला जड गेलं. हात आपोआप बखोटीकडे जायचा, मग ते तो हात पाठीमागे धरायचे. तीन-चार वर्षांनी जैनबनं तिची धाकटी जुबेदाही पाठवली, आणि तिच्यामागे शेतकऱ्यांच्या मुली यायला लागल्या. मंगळवारी, मुलींच्या दिवशी, आबांनी नदीकडे फिरकायचं नाही, असा भिकुबाईचा कायदा होता. त्या दिवशी आबा शेतात जात, पण कान गिरणेकडे असे. वाऱ्यावरून हसण्याचा आवाज आला की ते कुदळ जरा जोरानं मारीत.

एकदा हिलाल आला. बत्तीस वर्षांचा बाप्या, मिशा राखलेला. दोन्ही हात चोळत भिकुबाईला म्हणाला की अक्का, माझा धाकटा आता मुटके मारतो आणि मी काठावर बसतो. तिनं त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, पोरं यायच्या आत, बोलावलं. आबांनी त्याचे कपडे सांभाळले. पंधरा दिवसांनी हिलाल डोह ओलांडून गेला आणि पलीकडच्या वाळूत बसून हमसून रडला. आबांना त्याच्यासाठी आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि लगेच दुसरा विचार आला, हा नारळ कुणाकडे आणील? नारळ भिकुबाईकडे आला. तिनं तो फोडला, अर्धा भाग आबांच्या हातावर ठेवला. आबांनी खाल्ला. गोड होता.

सन बेचाळीसच्या उन्हाळ्यात आबा जळगावच्या बाजारात भोपळ्याचं बी घ्यायला गेले होते. गर्दीत एक अनोळखी बाई, कडेवर पोर, त्यांच्याकडे निरखून पाहत होती. ती पहूरची होती, माहेर पिंप्राळ्याचं. जवळ येऊन तिनं विचारलं की तुम्ही भिकूअक्काचे मालक ना?

आबांनी बियांची पुडी खिशात घातली, खिसा नीट दाबला. सव्वीस आणि आठ, चौतीस वर्षं त्यांनी पोरांना पाण्यात उतरवलं होतं. या बाईच्या भावांनाही त्यांनीच शिकवलं असणार. त्यांचा चेहरा तिच्या ओळखीचा होता तो कुणाचा नवरा म्हणून.

"हा," ते म्हणाले. "तोच मी."

बाईनं कडेवरचं पोर पुढे केलं. हे पाण्याला फार भितं, म्हणाली. अक्का अजून शिकवतात का?

आबांनी पोराकडे पाहिलं. नाक वाहत होतं, डोळे मोठे होते. त्यांनी त्याच्या गालाला बोटाचं टोक लावलं आणि बाईला सांगितलं की शिकवते, मंगळवार सोडून रोज, निमखेडीच्या खाली कातळाशी; सकाळी लवकर ये, आणि पोराला आधी वाळूत बसू दे, घाई करू नको.